विल्फ ऑर्मरॉड यांचा ‘टी’

आमच्या उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये नव्या रुग्णसेवा साहाय्यकाला रुग्णाला घास भरवण्याआधी, तो भरवण्यास आपण पात्र आहोत हे सिद्ध करावं लागतं. यात गैर काहीच नाही. ग्लेनिस एंटविसल यांनी अर्धांगवायूने खिळलेल्या सासूला नऊ वर्षं भरवलं होतं. परंतु सासूने कुठेही सही केलेली नसल्यामुळे अर्जात ‘पूर्वानुभव : निरंक’ अशी नोंद झाली.

प्रशिक्षणात ग्लेनिसबाईंनी प्लास्टिकच्या बाहुलीला कुस्करलेला बटाटा भरवला. बाहुलीचं तोंड उघडत नव्हतं, तरीही शंभरपैकी शंभर गुण पडले. आता उरलं होतं जिवंत रुग्णावरचं मूल्यमापन.

त्यासाठी लंडनकडचे मिस्टर फॅनशॉ आले. रुग्ण विल्फ ऑर्मरॉड. वय एक्याऐंशी, खुबा मोडलेला, हातांत जोर नाही, जीभ शाबूत. तपासण्यांच्या गडबडीत त्यांचं दुपारचं जेवण हुकलं होतं.

पाच वाजता विल्फ म्हणाले, “ग्लेनिस, पोरी, माझा ‘टी’ कुठाय गं? पोटात कावळे कोकलायला लागलेत.”

आमच्याकडे ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, हे शेंबडं पोरही सांगेल. ग्लेनिसबाईंनी मटण-बटाट्याचं ताट उचललं.

“थांबा,” फॅनशॉ म्हणाले. “रुग्णाने काय मागितलं?”

“जेवण.”

“रुग्णाने ‘टी’ मागितला. टी म्हणजे चहा. मानक सात : रुग्णाच्या इच्छेचा आदर. स्वतःचे विचार त्यांच्या तोंडी घालू नका.”

“अहो साहेब, मी त्यांच्या तोंडी बटाटा घालतेय!”

फॅनशॉंनी ‘वाद घालते’ अशी नोंद केली. चहा आला.

विल्फनी कपात डोकावून पाहिलं. “हे काय? मी टी मागितला ना?”

“रुग्णाची मागणी कायम आहे,” फॅनशॉ समाधानाने म्हणाले. दुसरा कप आला. मग तिसरा. विल्फ जेवढे चिडून ‘टी’ म्हणत, तेवढी त्यांची इच्छा स्पष्ट होत गेली. कप संपला की ताट मिळेल या आशेने बिचारे प्रत्येक कप संपवत होते. पाचव्या कपानंतर त्यांनी लघवीचं भांडं मागितलं. पण ग्लेनिसबाईंचं भांड्याचं मूल्यमापन गुरुवारी होतं आणि हा मंगळवार होता. भांडं द्यायला शेजारच्या वॉर्डातून एक पात्र माणूस बोलवावा लागला.

आठव्या कपाला द्रवसेवनाचा तक्ता भरला. नियमानुसार डॉक्टरांना कळवलं गेलं. डॉक्टरांनी रुग्णाकडे नव्हे, तक्त्याकडे पाहिलं, दचकले, आणि खाटेवर पाटी लटकली : ‘तोंडावाटे काहीही देऊ नये.’

“तोंडाने नाही तर काय कानाने जेवू?” विल्फ ओरडले. आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “पोरी, भूक लागलीय गं.”

तेव्हा मात्र ग्लेनिसबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी पाटी काढून फॅनशॉंच्या हातात दिली, “धरा जरा,” म्हणाल्या आणि ताट मांडीवर घेऊन बसल्या. विल्फ घास घास जेवले. रस्सा पावाने पुसून खाल्ला आणि वर विचारलं, “गोड काय आहे?”

फॅनशॉंनी शेरा लिहिला : ‘अपात्र. रुग्ण जेवला, परंतु प्रक्रियेशिवाय.’

दुसऱ्या दिवशी विल्फचा मुलगा आला. महिन्याभरात पहिल्यांदाच. म्हातारा हरखून सांगू लागला, “काल काय जेवलो म्हणून सांगू! एका बाईने स्वतःच्या हाताने भरवलं.”

“ते ठीक आहे, बाबा,” मुलाचा चेहरा गंभीर झाला. “पण तिच्याकडे प्रमाणपत्र होतं का?”

संध्याकाळपर्यंत त्याची तक्रार दाखल झाली आणि ग्लेनिसबाई कायमच्या घरी गेल्या.

तुम्ही हसताय? हसा. पण आईसाठी बाई ठेवलीत, तेव्हा तुम्हीही आधी तिचे कागदच चाळलेत ना? कागद चोख होते. मग त्या बाईनं विचारलं, “आजींना जेवायला काय आवडतं?” आणि तुम्हाला ते ठाऊक नव्हतं.