अप्पांच्या फियाटचा ताप

शेजारच्या अप्पांच्या फियाटला रोज सकाळी ताप येतो. असं अप्पाच म्हणतात. दूध आणायच्या निमित्तानं सात रस्ता चौकापर्यंत चक्कर मारून आले, की गाडी दारात लावायची, बॉनेटवर उलटा हात ठेवायचा आणि जाहीर करायचं, "आज जरा कणकण हाय." मे महिन्यात तर, "लई फणफणलंय पोर." पोराला पन्नाशी उलटून गेलीय आणि अप्पा शाळेत विज्ञान शिकवून कधीच रिटायर झालेत.

माझं सीट कव्हरचं दुकान आहे. सोलापूरचं ऊन वरनं, इंजिन खालनं. असं दोन्हीकडनं भाजून त्या बॉनेटचा रंग पोपडे धरून निघाला होता. मी शेजारधर्म म्हणून सांगितलं, आतनं उष्णता अडवणारी शीट चिकटवून देतो, रंग टिकेल, आवाजही कमी होईल. अप्पा म्हणाले, "विचार चाललाय की."

हा विचार दोन वर्षं चालला. तेवढ्यात माणूस घर बांधून वास्तुशांत उरकतो. तीनदा मला माप घ्यायला लावलं. एकदा शीट पेटते का बघायला अंगणात तुकडा जाळला. एकदा तिच्यात भाकरी गुंडाळून ती किती वेळ ऊन राहते ते बघितलं आणि प्रयोग संपल्यावर ती भाकरी मलाच खायला घातली. मग गाडीला नवा रंग मारून आणला. आता तरी लावतील म्हणून मी शीट कापून ठेवली, तर म्हणाले, राहू दे.

माझं डोकंच सरकलं. डिसेंबरातल्या एका सकाळी शीट बगलेत मारून त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, आज चिकटवूनच जाणार, नाही तर ही कापलेली शीट काय डोक्यावर बांधू?

अप्पा नुकतेच आले होते. त्यांनी मला गप उभं केलं, बॉनेटवर हात ठेवून बघितला आणि घराकडं वळून म्हणाले, "ये आता. पोळत न्हाय."

काकू बाहेर आल्या. त्यांची बोटं संधिवातानं आखडलेली, सकाळी कपसुद्धा धरवत नाही. त्यांनी दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले आणि कोपऱ्यावरच्या जास्वंदीला कळ्या आल्यात का, असं अप्पांना विचारलं. त्यांचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होतो.

मी हळूच अप्पांना म्हटलं, गरम पाण्याची पिशवी द्या की काकूंना.

"पिशवी घेऊन ती आत जाऊन बसती," अप्पा म्हणाले. "लेक गेल्यापासनं घरात गप असती. हितं हात शेकताना तेवढं बोलती माझ्याशी."

दोन वर्षं मी या माणसाला चक्रम म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, आज लवकर उतरला ताप."

अप्पांनी खिशातनं किल्ली काढली. "थांब. आलोच पार वळसंग गावापतुर जाऊन."

मी शीट बगलेत धरून बाजूला झालो आणि गाडीला वाट दिली.