लाल चिठ्ठीचे नाना

आमच्या गल्लीतल्या नानांचा मोबाइल दाराजवळच्या खुंटीला टांगलेला असतो आणि त्याला सुतळीनं एक लाल पुठ्ठा बांधलेला असतो. पुठ्ठ्यावर नानांच्या अक्षरात लिहिलंय : 'हात लावू नये. काम चालू आहे.' काम कसलंच चालू नसतं. फोन वाजला की नाना आधी खुर्चीत बसतात, पाण्याचा घोट घेतात, चष्मा लावतात. तोवर फोन बंद होतो. "ज्याला खरंच काम हाय त्यो पुन्हा लावतो," म्हणतात.

नानांनी तीस वर्षं बाहेरगावच्या एका कारखान्यात, माल वाहणाऱ्या पट्ट्यावर काढली. तिथला नियम असा, की पट्ट्याखाली शिरणाऱ्यानं खटका बंद करायचा, त्याला आपल्या नावाची लाल चिठ्ठी लावायची आणि बाहेर आल्यावर स्वतःच्याच हातानं ती काढायची. तोवर साहेब आला तरी दुसऱ्या कुणी खटक्याला हात लावायचा नाही. एकदा नाना खाली असताना 'चालू कर' अशी हाक आली. खटक्यावरच्या माणसाला ती नानांचीच वाटली. पण त्यानं चिठ्ठी बघितली आणि हात मागं घेतला. हे सांगताना नाना अजून आपल्या मनगटांवरून हात फिरवतात. "आवाजावर मशीन चालू करायची न्हाई."

रिटायर होऊन ते परळीला आले, पोरानं मोबाइल घेऊन दिला, आणि पट्ट्याचा नियम मोबाइलला लागू झाला.

मी इथं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, बी.कॉम., आणि हे मी कुणी न विचारताच सांगतो. तेव्हा मोबाइल कसा वापरायचा हे नानांनी मला शिकवावं, हे मला पचत नव्हतं. एकदा दुकानात एका मित्राच्या नंबरवरून लग्नपत्रिकेची फाईल आली. मी उघडायला बोट उचललं, तर शेजारी बसलेल्या नानांनी माझं मनगटच धरलं. त्याच्या घरात लग्न कुणाचं, म्हणाले. मी म्हटलं, पोरगं तर अजून अंगणवाडीत जातंय.

"मग पत्रिका कुणाची बे? त्याला फोन लाव."

लावला. तो रडकुंडीला आलेला. सकाळी त्यानं कुणाचीतरी पत्रिका उघडली होती, आणि तेव्हापासून त्याच्या नंबरवरून सगळ्या पाव्हण्यांना आपोआप पत्रिका सुटत होत्या. मी ती फाईल न उघडताच पुसून टाकली. त्याच मोबाइलवर माझं बँकेचं सगळं होतं.

"बी.कॉम. झालास," नाना म्हणाले, "पर बोट लई वळवळतं तुझं."

नारायणगडाच्या यात्रेत तर त्यांनी कहर केला. रांगेत पुढचा माणूस फोनवर कुणालातरी ओटीपी वाचून दाखवत होता. नानांनी मागून त्याच्या तोंडावर हातच ठेवला. मार खायची वेळ आली होती. नाना हात जोडून म्हणाले, "मालक, ती घराची कडी हाय. देवाला बी सांगू नका."

नानी गेल्यापासून नाना एकटे. एकुलता एक संतोष पुण्याला कंपनीत. बापलेकांनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवलेला, भाजीचं नाव. कुणीही संतोष म्हणून फोन केला, तरी आधी शब्द विचारायचा. आणि हा शब्द रोज संध्याकाळी सहाला बदलायचा. "शिफ्ट बदलली की चिठ्ठी बदलली." त्यामुळं पोराला रोज सहाला फोन करून नवी भाजी विचारून घ्यावी लागायची.

मागच्या महिन्यात एका दुपारी मी नानांच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांच्या घरी गेलतो. फोन वाजला. नंबर अनोळखी. नाना बसले, पाणी प्याले, चष्मा लावला. फोन वाजतच राहिला. शेवटी उचलला, नेहमीसारखा स्पीकरवर, तर रडण्याचा आवाज.

"बाबा, मी संतोष. माझ्या गाडीखाली माणूस आला. पोलिसांनी धरलंय. फोन ठेवू नका, साहेब सांगतेत तसं करा."

आवाज संतोषचाच होता. मी त्याच्याबरोबर वाढलोय, मला कळतं. मागून दुसरा जाड आवाज दटावत होता, की घरात कुणाला सांगायचं नाही.

"आजचा शब्द सांग," नाना म्हणाले.

तो म्हणाला, ही काय वेळ आहे का, हे लोक मला मारतील.

"शब्द सांग, बाळा."

तिकडून नुसतं रडणं. नानांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यांनी फोन कट केला.

लगेच संतोषचा नंबर लावला. बंद. परत लावला, बंद. त्याच्या खोलीवरच्या मित्राला लावला, तो उचलेना. मी नानांना सांगितलं, की हल्ली व्हिडिओतला आवाज चोरून मशीन हुबेहूब तसं बोलतं. सांगितलं खरं, पण माझं मलाच पटत नव्हतं. नाना लाल पुठ्ठा मुठीत धरून बसले होते.

"घाबरल्यावर शब्द इसरतो माणूस, दत्ता. त्योच असंल तर? मी त्याचा फोन कापला."

मी आत जाऊन चहा केला. चहावर साय धरली. सव्वा तास गेला.

मग संतोषच्या नंबरवरून फोन आला. नाना खुर्चीत बसले नाहीत, पाणी प्याले नाहीत, चष्मा लावला नाही. पण विचारायचं ते विचारलंच.

"शब्द?"

"कारलं. काय झालं बाबा? फोन चालू केला तर एवढे मिसकॉलचे मेसेज? मशीनवर असताना फोन बंद करून लॉकरमधी असतो, म्हाईत हाय ना तुमाला."

"काय न्हाई," नाना म्हणाले. "जेवलास का?"

त्यांनी पोराला सगळं सांगितलं, पण हळूहळू, जेवणाचं विचारून झाल्यावर.

मला धीर आल्यावर माझी पदवी जागी झाली. मी म्हटलं, नाना, शब्दानं वाचवलं हे खरं. पण कुणाला न सांगितलेला एकच शब्द वर्षभर पुरतो. रोज बदलायची काही गरज नाही, उगं पोराला ताप.

नानांनी फोन खुंटीला अडकवला, पुठ्ठा सरळ केला.

"म्हाईत हाय मला." माझ्याकडं पाठ करूनच ते बोलले. "मग त्यो रोज फोन कशाला करील?"

सहाला थोडाच वेळ होता. नानांनी खुर्ची खुंटीजवळ ओढली आणि बसले.

"एखाद्या भाजीचं नाव सांग," म्हणाले. "माझी संपत आली."