पंचायत आमच्या गल्लीत आली

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली, तरी भुईगावच्या वाटेवरच्या आमच्या गल्लीत राज्य डासांचंच होतं. भर रस्त्यात डबकं, कडेला कुजक्या केळीच्या पानांचा ढीग आणि खांबावरचा कंदील कढईच्या बुडासारखा काळा. अशात पंचायतीनं घरपट्टी वाढवायचं काढलं. मी सभेत उभा राहिलो आणि सरपंच हरिभाऊंना सुनावलं, "रविवारी दिवेलागणीला आमच्या गल्लीत या. लोकांची मतं त्यांच्याच तोंडून ऐका. मग पट्टी वाढवायची छाती होते का, बघू."

टाळ्या पडल्या. हरिभाऊ "येतो" म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला ऐटीत सांगितलं, "प्रेमलता, रविवारी अख्खी पंचायत आपल्याकडे येणार आहे." एवढंच सांगितलं. बाकीचं तिला कळलं असणार, असं धरून चाललो. नवऱ्यानं असलं काही धरून चालू नये.

रविवारी पहाटेच मी अर्नाळ्याला कामाला गेलो आणि संध्याकाळी परस्पर पंचायतीच्या मंडळींना घेऊन गल्लीच्या तोंडाशी आलो.

"जपून, पुढे डबकं आहे," म्हणत मी धोतर वर धरलं.

डबकं नव्हतं. तिथे समुद्रावरची वाळू होती आणि वाळूवर रांगोळी. पानांचा ढीग गायब. कंदील लख्ख पेटलेला. मला वाटलं, गल्ली चुकली. पण समोरच्या दारात माझीच बायको उभी होती, लग्नातला शालू नेसून. मी धोतर धरूनच उभा राहिलो.

शेजारच्या इनेझबाईंनी घरातल्या सगळ्या खुर्च्या अंगणात मांडल्या होत्या. प्रेमलतानं घरच्या केळ्यांच्या, उन्हात वाळवलेल्या सुकेळ्यांचं ताट पुढे केलं.

"काही तक्रार आहे का?" हरिभाऊंनी विचारलं.

"छे हो," इनेझबाई म्हणाल्या, "आम्हांला काय कमी आहे?"

दारी आलेल्या पाहुण्यांपुढे रडगाणं कोण गाणार? माझी सारी भिस्त आता नथूवर होती. नथू आमच्याच गल्लीतला, खाडीकडे शेती करणारा, सभेत माझ्याहून मोठ्यानं ओरडलेला.

"नथू, त्या पाण्याचं सांग की."

"पानी?" नथूनं छाती फुगवली. "ते आमी उपसलं. वर गाडीभर वाळू टाकली. दिवा पन आमीच लावला. आमाला पंचायत कशाला पायजे?"



हरिभाऊ भारावले. आणखी एक सुकेळं उचलत म्हणाले, "अशी गल्ली तालुक्यात नसेल. मग इथला झाडूवाला आणि दिव्याचं तेल पलीकडच्या आळीला देतो. तिथे फार हाल आहेत हो. आणि इतक्या सुखी माणसांना पट्टी काय जड?"

मंडळी गेली. पट्टी वाढली. आठवड्यातून एकदा का होईना, येणारा झाडूवालाही गेला. सगळी गल्ली माझ्याकडे बघत राहिली.

प्रेमलतानं रिकामं ताट उचललं.

"अहो, येणारे पाहुणे आहेत की भांडायला बोलावलेत," ती म्हणाली, "तेवढं आधी सांगत जा. मी शालू तरी नेसले नसते."