यंत्रातली बाई

हवालदार आबांच्या घरी चहा हवा असेल, तर आधी एक माणूस जिवंत करावा लागतो.

पलूसच्या शाळेत बदली होऊन आलो आणि आबांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा चढवला. त्या चष्म्यात सिनेमासारखा एकदम एसटी स्टँड उभा राहिला आणि एक गलेलठ्ठ गृहस्थ छाती धरून माझ्या पुढ्यात कोसळला. "बघत काय बसलासा मास्तर? दाबा!" आबा कानाशी ओरडले. हाताखाली खरोखरचं एक रबरी धड होतं. ते मी भीत भीत दाबू लागलो. "आवं, कणीक मळताय व्हय? बरगडी मोडली तर मोडू द्या!" थोड्याच वेळात तो गृहस्थ गेला. "मारलासा पावण्याला," आबा म्हणाले आणि माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. पावणा वाचला तरच साखर, असा त्या घरचा कायदा होता. उसाच्या मुलखात राहून मी पुढे कित्येक महिने कडू चहा प्यालो.

पलटणीत आबा रुग्णवाहिका चालवायचे. निवृत्तीनंतर विश्रामबागेतल्या एका संस्थेनं हे यंत्र त्यांच्या हवाली केलं आणि छाती दाबून बंद पडलेलं हृदय कसं चालू करायचं, ते गावोगाव शिकवायला त्यांना पाठवलं. मोटारसायकलवर मागे ते रबरी धड टॉवेलनं बांधलेलं असे. असं ते पार मेढ्यापर्यंत जाऊन आलं होतं. वाटेत कुणी विचारलं, "आबा, कुनाला घिऊन निगालाय?" की आबा गाडी थांबवून त्यालाच चष्मा घालत. शिकण्यापेक्षा लोक गंमत बघायलाच जमायचे. खरोखर कुणी चक्कर येऊन पडलं, की शिकलेली माणसंसुद्धा नाकाला लावायला कांदा शोधत पळायची. "मानसं मरायला भेत न्हाईत मास्तर, दाबायला भेत्यात," आबा म्हणायचे. त्यात तक्रारही उरली नव्हती.

त्यांचं आणखी एक खूळ होतं. दर सोमवारी ते संस्थेला फोन लावत. "बाई कवा टाकताय? तुमच्या यंत्रात फकस्त बाप्येच मरत्यात व्हय?" सगळ्या गल्लीला हे पाठ झालं होतं. "म्हाताऱ्याला यंत्रात बाई पायजे!" म्हणून कट्ट्यावर हशा व्हायचा. मीही हसायचो. एकदा न राहवून मी त्यांनाच विचारलं, "आबा, बाईच कशाला हवी?"

ते चहा गाळत होते. गाळता गाळताच त्यांनी सांगितलं.

"आमची कारभारीन, तारा, बाजारात पडली, भाजीच्या वळीत. मी पलीकडं गिरणीत दळण टाकत हुतो. सगळा बाजार गोळा झाला. त्यातल्या निम्म्यांना मीच शिकिवलं हुतं. पन बाईमानसाच्या छातीला हात कोन लावनार? बायकांना हाका मारत बसले. कुनीतरी तिचा पदर तेवढा नीट केला. लय अदबीनं मारली मास्तर तिला."

त्यानंतर कट्ट्यावरच्या त्या विनोदाला मला हसू आलं नाही.

गेल्या महिन्यात यंत्रात बाई आली. आबांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि गल्लीतल्या सगळ्या बाप्यांना तालमीत बोलावलं. चष्म्यातलं मला बाहेर दिसावं म्हणून टॅबलेट माझ्या हाती दिला. हिरव्या लुगड्यातली एक बाई दुकानाच्या पायरीशी पडली होती.

पहिला नंबर पैलवानाचा. त्यानं हात पुढे नेले आणि तिथंच थांबवले. "आबा, बाई हाय ही."

"व्हय, बाईच हाय. दाब."

"परक्या बाईला… नगं आबा." त्यानं चष्मा काढला. लोक खुदखुदले. दुसऱ्यानं रबरी धडालाच लांबून हात जोडले. तिसरा शेत बघायचं निमित्त काढून निघून गेला.

मग आबांनीच चष्मा चढवला आणि गुडघे टेकले. दाबताना ते पलटणीत मोजावं तसं मोठ्यानं मोजत होते. हळूहळू आवाज फाटला, कोपरं थरथरू लागली. "दमलो," ते म्हणाले. "बदली द्या रं कुनीतरी. गड्यांनो, जाती ही."

तालमीत सगळी दणकट माणसं उभी होती. सगळ्यांचे हात पाठीमागे होते. टॅबलेट खाली ठेवून मी पुढे सरकेपर्यंत आबांचे हात थांबले होते. हिरव्या लुगड्यातली बाई गेली होती.

चष्मा न काढताच आबांनी हात पुढे केला. रबराच्या खांद्यावर काहीच नव्हतं. तिथं त्यांनी चिमटीत पदर धरला, हलकेच वर ओढला आणि नीट केला. पैलवान तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

घरी आल्यावर आबांनी मोठं पातेलं चढवलं आणि सगळ्यांना चहा दिला. साखर कुणीच मागितली नाही.