धोंडूआप्पा आणि यानबाचा क्लच

धोंडूआप्पा देवाला पिनकोड सांगतात.

आमच्या वाडीत भैरीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा मान आप्पांच्या घराकडे आहे. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला खड्या आवाजात सांगणं. प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाकीच्या गावांत ते पटकन आटपतं. आप्पा मात्र "हे बा भैरीदेवा" म्हणून जे सुटतात, ते नाव, बापाचं नाव, वाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड करत पिनकोडला येऊन श्वास घेतात.

"देव एकटा, आन् नुसत्या आपल्या तालुक्यात धोंडू किती! चुकून दुसऱ्याचा काम झाला तर भांडायचा कोणाशी?"

त्यांच्या मते देव सांगितलं तेवढंच करतो. न सांगितलेलं ओळखत बसायला त्याला वेळ नाही. आम्ही आप्पांचे शेजारी, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, कारण रोज हा डोंगर उतरून महाडला मी जात होते, विचारणारे नव्हे. तर माझ्या परीक्षेच्या वेळी आप्पांनी माझा सीट नंबर घालून केमिस्ट्रीचं गाऱ्हाणं घातलं. केमिस्ट्री उत्तम गेली, फिजिक्समध्ये जेमतेम सुटले. जाब विचारायला गेले तर म्हणाले, "फिजिकचा तू बोललीच नाय गो ग्रॅज्युएट!"

तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी ग्रॅज्युएटच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वाडीवरून वर कुडपण गावाला जाणाऱ्या रस्त्यावर एक परदेशी मोटरसायकलवाला चढणीला धूर काढत आला आणि बरोब्बर आप्पांच्या दारात थांबला. हॉलंडचा साठीतला माणूस, नाव यान. आप्पांनी पहिल्याच चहाला त्याचा यानबा केला. पोलादपूरहून मेकॅनिक आला, त्याने वास घेऊनच सांगितलं, "क्लच प्लेट जळली. असली गाडी आपल्याकडं नाय. पुण्यावरनं मागवतो."

यानबा मटकन ओट्यावर बसला. त्याची लेक येत्या शनिवारी मुंबईला विमानाने उतरणार होती. आईबाप वेगळे झाल्यापासून ती त्याच्याशी बोलत नव्हती. लहानपणी ती याच गाडीवर त्याच्या मागे बसून फिरलेली. आता इतक्या वर्षांनी तिने एवढंच कळवलं होतं, मी येते, तू गाडी घेऊन ये.

मी सुचवलं, एसटीने जा. पण आप्पाच कडाडले, "गाडीबिगर गेला तर तिला नुसता बाप दिसंल!"

मग यानबा राहिला. आप्पांना सायकलसुद्धा येत नाही, पण त्यांनी संध्याकाळी गाडीवर घोंगडी घातली. मी हसले तर म्हणाले, "परक्या मुलखातली हाय, थंडी बाधंल." पाहुण्याला नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी खायला घातली. सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं. "क्लच जळला तो जळला, पाहुणा तरी शेकून येऊ दे." दोघांच्या गप्पा ऐकण्यासारख्या होत्या. आवाज चढवला की मराठी कळतं अशी आप्पांची खात्री, आणि यानबा त्याच पट्टीत डच भाषेत उत्तर द्यायचा. मी मधे इंग्रजी घेऊन उभी. "तुझ्या इंग्रजीला मायाच नाय गो," आप्पा म्हणायचे, "सगळा कसा साहेबासारखा बोलतंस."

पण बायको गेल्यापासून ज्या घरात रेडिओच तेवढा बोलायचा, तिथे एवढी जाग आली असताना आप्पा खूश दिसेनात. सारखे खाली पोलादपूरच्या स्टँडवर पार्सल बघायला जायचे. घास तोंडात धरून बसायचे. शेवटी पार्सल आलं, तर प्लेट भलत्याच गाडीची. मेकॅनिकने दुकानदाराला फोनवर खरपूस सुनावलं आणि जळक्या प्लेटचा फोटो पाठवून दुसरी मागवली. यानबा गाडीजवळ जाऊन उभा राहिला.

आप्पा मात्र तडक भैरीच्या देवळात. मी मागोमाग गेले. आप्पा पायरीवर बसले होते.

"मीच केला गो ह्या."

"काय केलंत?"

"मी एकट्यानं गाऱ्हाणा घातला होता. व्हय म्हाराजा बोलायला पण कोणी नव्हता. बोललो, पोरं मुंबईला, ती शिमग्याला येणार. तवर घर खायला उठतंय. कोणतरी पाहुणा दारात आण, लांबचा असला तरी चालंल, आन् चार दिस राहू दे. पिनकोड दिला. पर त्याची गाडी मोडू नको, हा बोलायचा राहिला. त्याला लेक हाय, मला काय ठाव?"

"आप्पा, क्लच चढामुळे जळतो."

"चढ माझ्या बापाच्या आधीपासून हाय. माझ्याच दारात कशी थांबली?"

तुमच्याच दारात चढ सगळ्यात उभा आहे, हे उत्तर माझ्याकडे होतं. त्यांचा चेहरा बघून ते मी गिळलं. म्हटलं, "मग पुन्हा घाला. ह्या वेळी पुरतं घाला. मी आहे म्हाराजा म्हणायला."

ते ताडकन उठले. "विमानतळाचा पिनकोड काढ."

मी मोबाइलवर काढला. आप्पांनी हात जोडले.

"हे बा भैरीदेवा, मी मागितलेला पाहुणा मला पावला."

"व्हय म्हाराजा."

"आता त्याचा क्लच बसव, गाडीसकट त्याला लेकीच्या म्होरं उभा कर."

"व्हय म्हाराजा."

"माझा घर रिकामा झाला तरी चालंल."

ह्या वाक्याला मी व्हय म्हाराजा म्हटलंच नाही. आप्पा डोळे मिटून थांबून राहिले. म्हाराजा म्हटल्याशिवाय पुढे जायचं नसतं. म्हटलं शेवटी.

पार्सल गुरुवारी आलं. प्लेट बसली. पहिली किक मारताच गाडीने जो आवाज केला, त्याने समोरच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. आप्पांनी यानबाला ती चढण पुन्हा पुन्हा वर-खाली करायला लावली, तेव्हाच जाऊ दिलं.

शनिवारी माझ्या मोबाइलवर फोटो आला. विमानतळाबाहेरची गर्दी, गाडीवर यानबा, मागे त्याच्यासारख्याच नाकाची एक बाई, दोघांचेही डोळे रडून सुजलेले. मी धावत आप्पांकडे गेले. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि छातीवरून धोंडा उतरावा तसा श्वास सोडला.

"सुटलो बाय!"

थोडा वेळ आम्ही दोघं उगाचच हसत बसलो. मग मी चिडवलं, "आता पुढचा पाहुणा कुठला मागणार? अमेरिकेचा?"

"नाय गो. कोणाच्या तरी जिवाला घोर लागतो." त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "तू आपली... नुसती हाक मारली तरी येशील ना?"

मी आईला फोन लावला आणि सांगितलं, आज माझं पान वाढू नकोस.