फोटो न्यायचा तर हात आणा

मूल गावच्या मोहुर्लेभाऊंच्या स्टुडिओत फोटो घ्यायला गेलात, तर ते पावती मागत नाहीत, हात मागतात. "हात आणा," म्हणायचं, तुमचं मनगट धरून हात ताज्या छापलेल्या फोटोशेजारी काउंटरवर ठेवायचा आणि एकदा हाताकडे, एकदा फोटोकडे पाहायचं. रंग जुळला तर "घेऊन जा." नाही जुळला तर फोटो परत आत. फोटो तुम्हाला आवडला की नाही, हे विचारायची पद्धत तिथे नाही. एका बाईंनी तर भविष्य सांगतील या आशेने दोन्ही हात पुढे केले होते.

भाऊ बारा महिने राखाडी शर्ट घालतात. स्टुडिओच्या भिंती राखाडी, पडदा राखाडी, स्टुलावरची गादीही राखाडी. "लाल शर्ट घातला का त्याची लाली स्क्रीनवर पडते सर, मंग रंग पारखाचा कसा?" दिवाळीला वहिनींनी हौसेने पिवळाजर्द शर्ट आणला. भाऊंनी तो घातला, पण त्या दिवशी दुकान उघडलं नाही. मी शाळामास्तर; एकदा शाळेतून थेट केशरी शर्टात गेलो, तर मला बाहेरच्या बाकावर बसवून अर्धा तास पडद्याआडून बोलत होते.

फोटोची फाइल कोणत्या रंगमापात द्यायची, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. मला त्यांनी तो धानाच्या मापात समजावला, कारण मूलमध्ये दुसरं माप कोणाला पटत नाही.

"एसआरजीबी म्हणजे छोटी पायली. मोबाईलमंदी तेवढंच मावते. छपाईची मशीन चांगली असली तर मोठी पायली द्याची, तिच्यात हिरवा-निळा जास्त मावते. आता मोठ्या पायलीचा माल मोबाईलमंदी ओतला तर काय होते?"

"सांडतो," मी म्हणालो.

"सांडला असता तर दिसला असता ना! फिका पडते."

म्हणून ते प्रत्येक फोटोच्या दोन फाइली देतात. एकीचं नाव 'मोबाईल', दुसरीचं 'भिंत'.

मागच्या वर्षी माझी आत्या गेली. तरुणपणीच विधवा झालेली, आमच्याच घरी राहायची. तेरवीला फ्रेम हवी होती आणि फोटो बरा असा एकच, माझ्या पुतणीच्या मोबाईलवरचा. त्या मोबाईलला दिसेल त्याला गोरं करायची खोड. जन्मभर धानाच्या बांधीत राबलेली काळीसावळी आत्या त्यात दुधात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. घरात सगळे म्हणाले, किती छान दिसते! फक्त माझ्या ऐंशी वर्षांच्या बाबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "हे कोण व्हय? हे आमची सखू नोहोय." मग ते जेवलेच नाहीत. बहिणीला फुलं वाहायची, तर समोर बहीण तरी असायला हवी होती.

मी बाबांना घेऊन मोहुर्लेभाऊंकडे गेलो. त्यांनी फोटो पाहिला आणि विचारलं, "बाईचा रंग कोणासारका होता?"

बाबांनी बाही वर केली. "आमी दोघं सारकेच. माय म्हणे, एकाच तव्यावरच्या भाकरी हाय ह्या."

झालं! भाऊंनी त्यांना खिडकीजवळ बसवलं. स्क्रीनवर रंग बदलायचा, छापायचा, हाताशेजारी धरायचा. "जरासा तांबूस पायजे. काकाजी, हात नका हलवू." पाच फोटो फुकट गेले. सहावा हातात घेतल्यावर बाबा बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "आता आली."

घरी येऊन घाईत मी घरच्या ग्रुपवर नेमकी 'भिंत' नावाची फाइल टाकली. पाच मिनिटांत वरोऱ्याहून चुलतभावाचा फोन, "दादा, आत्या अशी फिकी कायले दिसते? कावीळ झाली होती काय?" भाऊंना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "ओतली ना मोठी पायली!"

तेरवीला या म्हणून सांगायला गेलो, तेव्हा भाऊ आतल्या खोलीत होते. मी पडदा सारला. भिंतीवर हार घातलेला एका बाईंचा फोटो होता, आणि तो खडूसारखा पांढराफटक. या दुकानात असला फोटो! मला हसूच आलं.

"हा कोणी केला भाऊ?"

"मीच. माय व्हय माही." मी हसणं गिळलं. "नवा कॉम्प्युटर आणला होता. तिनंच म्हटलं, मले एकदा गोरी करून दाखव ना. केली. लय खुश झाली, गल्लीभर दाखवून आली. मंग जागा नव्हती म्हणून मूळ फाइल उडवली म्या."

"मग आता हिचा रंग नीट करा ना!"

"हात कोणाचा लावू?" भाऊ म्हणाले. "मी बापावर गेलो. मामा गेले, मावशी गेली. तिच्या माहेरचा एक हात नाई उरला. इतके हात पायतो सर, कोणाचा तरी तिच्यासारका असन." मग संकोचून म्हणाले, "काकाजीचा लय जवळ होता. तेरवी झाल्यावर त्यायले एकदा आणता काय?"

घरी येऊन मी बाबांना हे सगळं सांगितलं. तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ते आंघोळ करून, चपला घालून दारात उभे. मी राखाडी शर्ट शोधून घातला.

स्टुडिओत शिरताच बाबांनी स्वतःच बाही वर केली आणि काउंटरवर हात ठेवला.

"घे बाबू," ते म्हणाले, "आणला हात."