ताशी एकतीस, जागच्या जागी

पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला दिवसाचे चोवीस तास सारखेच मिळतात. परंतु ते वाचवण्याची अक्कल सर्वांना सारखी मिळत नाही. ज्यांना ती मिळते त्यांच्यापुढे वाचवलेल्या तासांचे काय करावे हा प्रश्न उभा राहतो, आणि तो सोडवायला वेळ लागतो. तारकर्लीचा जितेंद्र खवणेकर हा अशा मोजक्या माणसांपैकी एक होता.

जितेंद्र तालुक्याच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक. वय बेचाळीस, कार्यालय पावणेदहा ते सव्वासहा. गेल्या दिवाळीत त्याने ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीत नाव घातले. या शर्यतीत एकाच दिवसात पावणेचार किलोमीटर पोहायचे, अंग पुसून एकशे ऐंशी किलोमीटर सायकल हाणायची आणि खाली उतरून बेचाळीस किलोमीटर धावायचे असते. (तिन्ही गोष्टी सवडीने वेगवेगळ्या आठवड्यांत केल्यास चालत नाही. चौकशी झालेली आहे.)

"आणि येवढा सगळा करून तू पोचतलंस खंय?" त्याचे वडील भिकाजी यांनी विचारले.

"जंयसून निघतंत, थंयच येतंत बाबा."

"मगे हयच बस," भिकाजी म्हणाले आणि पान लावायला लागले.

जितेंद्र बसला नाही. त्याने सराव सुरू केला, आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या ध्यानात आले की आपल्या भागातील रस्ते सायकलीसाठी बांधलेलेच नाहीत; ते बोलण्यासाठी बांधलेले आहेत. तारकर्लीपासून मालवणपर्यंत सात किलोमीटरांत नऊ माणसे "खंय चललंस?" असे विचारतात, आणि "खंय नाय, असोच" हे उत्तर कुणी मान्य करीत नाही. स्कूटर विकली काय, इथपासूनच्या प्रश्नांना उत्तरे देत पुढे जाणे भाग पडते. न थांबता गेल्यास घरी काहीतरी बरेवाईट घडले असा त्याचा अर्थ होतो. एकदा जितेंद्र न थांबता गेला, तर परत येईपर्यंत चौघे जण भिकाजींच्या समाचाराला येऊन ओट्यावर बसले होते. चहा भिकाजींनीच केला.

जितेंद्रने हिशोब मांडला. रोजच्या सरावामागे तयारीला बारा मिनिटे, नऊ माणसांना प्रत्येकी अडीच याप्रमाणे साडेबावीस, पर्यटकांना समुद्र दाखवण्यात सहा (समुद्र समोरच असतो, पण लोकांना खात्री लागते) आणि ओळखीच्या दोन कुत्र्यांना साडेतीन, अशी चव्वेचाळीस मिनिटे वाया जात होती. म्हशी यात धरलेल्या नाहीत.

पुण्याहून फोनवर मार्गदर्शन करणाऱ्या मार्गदर्शकांनी यावर उपाय सांगितला. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने रस्त्यावर जाऊच नये. सायकलीचे मागचे चाक काढावे, तिला एका यंत्रावर बसवावे, समोर पडदा लावावा. यंत्र चढ देते, उतार देते, वेग सांगते. घरात राहून मिळालेले एक मिनिट हे बाहेरच्या दीड मिनिटाच्या तोडीचे असते. (बाहेरचे उरलेले अर्धे मिनिट कुठे जाते, हे त्यांनी सांगितले नाही. बहुधा ते म्हशींकडे जात असावे.)

यंत्र आले. ते पडवीतल्या खोलीत खिडकीजवळ बसवले गेले, आणि घरात नवी वस्तू आली म्हणून भिकाजींनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान ही नवी सायकल घरात हाडलेली आसा. तर वाटेत खड्डो आसात, आडवो म्हशीचो पाडो येत आसात, तो बाजूक करून तिका सुखरूप पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जितेंद्रची बायको नम्रता आणि मुलगी तन्वी म्हणाल्या.

भिकाजी थांबले. "ही जातली खंय रे?"

"खंयच नाय. हयच ऱ्हवतली."

देवाला अर्धवट माहिती देणे भिकाजींना पटणारे नव्हते. त्यांनी डोळे मिटून दुरुस्ती केली. "तर म्हाराजा, जी खंय जावचीच नाय, ती थंय सुखरूप पोचव."

"व्हय म्हाराजा."

येथे तन्वीविषयी सांगणे आवश्यक आहे. गावातली शाळा सातवीपर्यंत. जूनपासून तिला आठवीसाठी मालवणला जायचे होते, सकाळी सात दहाला. एसटी पोचते तेव्हा पहिला तास संपलेला असतो. नम्रता घरच्या दोन खोल्या पर्यटकांना देते, तेव्हा सकाळी नाश्त्याचे घावने सोडून तिला हलता येत नाही. जितेंद्रने स्कूटरने सोडले असते, पण साडेपाच ते साडेसात ही मुख्य सरावाची वेळ. राहता राहिली सायकल, आणि ती तन्वीला येत नव्हती. आली नाही तर तिला कणकवलीला आत्याकडे राहायला पाठवायचे, असे ठरले होते.

जितेंद्रला ती जायला नको होती. तो कार्यालयातून येऊन बूट काढायचा तेवढा वेळ ती पायरीवर बसून शाळेतल्या सगळ्यांच्या चहाड्या सांगायची, आणि अलीकडे तो बूट जरा सावकाश काढत असे. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. ते कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

"बाबा, माका कधी शिकवतलंस?" तन्वी विचारी.

"वेळ वाचू लागलो, की लगेच."

वेळ वाचू लागला. रोज चव्वेचाळीस मिनिटे. परंतु वाचलेल्या वेळेलाही देखभाल लागते, ही गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. खाऱ्या हवेने यंत्र गंजू नये म्हणून पुसण्यात बारा मिनिटे, पंखा अंगावर नेमका येईल असा लावण्यात आठ, यंत्राला स्वतःत सुधारणा करून घ्यायची असे त्यात नऊ, सरावाचा आलेख पाहण्यात पंधरा, आणि आलेख ग्रुपवर टाकून आलेली अभिनंदने स्वीकारण्यात सात. एकूण एक्कावन्न. हे चव्वेचाळिसात बसेनात, म्हणून वरची सात मिनिटे झोपेतून घेण्यात आली.

प्रगती मात्र डोळे दिपवणारी होती. पडद्यावर आंबोलीचा घाट उपलब्ध नव्हता, म्हणून तो गैरसोय सोसून आल्प्स पर्वत चढला. वीज गेली की पर्वत सपाट होई. ती आली की पुन्हा उभा राही. त्याच्या पायांची ताकद दोनशे दहा वॅट भरली.

"म्हणजे साठाचे साडेतीन बल्ब," भिकाजी म्हणाले. "मगे हय काळोख कित्याक?"

मार्चमध्ये तन्वीने पुन्हा विचारले, तेव्हा जितेंद्रने तिच्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र रकाना पाडला. मंगळवार व शुक्रवार, सायंकाळी सहा चाळीस ते सात. शिक्षण यंत्रावरच द्यायचे ठरले. बाहेर शिकवण्यात मूल पडते, रडते, उठते, आणि यात बरीच मिनिटे जातात. यंत्रावर मूल पडत नाही. हा विचार इतका निर्दोष होता, की तो आधी कुणाला सुचला कसा नाही याचे जितेंद्रला नवल वाटले.

चौदा धडे झाले. तन्वीने एकूण चौऱ्याऐंशी किलोमीटर अंतर कापले, दोन डोंगर ओलांडले आणि एक परदेशी तलाव पार केला (पुलावरून). एकदाही पडली नाही. यंत्राने तिला प्रमाणपत्र दिले. ते जितेंद्रने कार्यालयात छापून आणले आणि कालनिर्णयाच्या बाजूला लावले.

जूनच्या पहिल्या मंगळवारी परीक्षा घेण्यात आली. नम्रताने पर्यटकांसाठी ठेवलेली सायकल अंगणाबाहेर काढली. तन्वी बसली. तिने मिनिटाला चौऱ्याऐंशीच्या उत्तम लयीत पायडल मारले आणि ती डावीकडे पडली. दुसऱ्या खेपेस लय अधिकच सुधारली होती. या वेळी ती उजवीकडे पडली. तिसऱ्या खेपेस कुंपण मध्ये आले.

जितेंद्रने सर्व शक्यता तपासल्या. आसनाची उंची बरोबर होती. पायांची ताकद वयाच्या मानाने चांगली होती. दोष विद्यार्थिनीत नसून रस्त्यात आहे, असा निष्कर्ष निघत होता.

"बाबा, तू नुसतो मागसून धर मां," तन्वी गुडघ्याची माती झाडत म्हणाली. "मी बसतंय. तू धर."

जितेंद्रने घड्याळ पाहिले. सात वाजले होते.

"शुक्रवारी धरतंय," तो म्हणाला.

शुक्रवारी मार्गदर्शकांनी सरावाचा नवा टप्पा सुरू केला. तोल या विषयावर त्यांचे मत घेतले असता, तोल वॅटमध्ये मोजला जात नसल्याने त्याकडे तूर्त दुर्लक्ष करावे, असे उत्तर आले.

शनिवारी नम्रताने कणकवलीला फोन केला आणि माळ्यावरची बॅग खाली काढली. जितेंद्र यंत्रावर होता. ती दारात उभी राहिली.

"तुमच्या त्या पडद्यार कणकवली येता काय?"

त्याने एका कानातले इअरफोनचे बोंडूक काढले. "नाय. कित्याक?"

"येय असती तर बरा झाला असता. चेडवाक भेटान इल्यात असतात."

हे वाक्य जितेंद्रला लागले. त्या संध्याकाळी त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सहाने वाढलेले आढळतात. मार्गदर्शकांनी उष्णतेचे कारण दिले.

रविवारी काशीबाई दारात बांगडे घेऊन आल्या. वय साठ, डोक्यावर टोपली, पाच पिढ्यांच्या भानगडी तोंडपाठ. पायरीवर तन्वी बॅगेशेजारी नाक ओढत बसलेली.

"बॅग कित्याक गो? लगीन ठरला काय तुजा?"

"आत्याकडे चललंय. माका सायकल येणा नाय."

"बापाशीक येता मां तुज्या? सांग तेका शिकवूक."

"तो स्वित्झर्लंडात आसा," तन्वी खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली.

काशीबाईंनी खिडकीतून आत पाहिले. जितेंद्र घामाने निथळत होता. "थंय गरमच दिसता," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टोपली नम्रताच्या ताब्यात दिली. "चल गो. सायकल घे."

ओहोटीला किनाऱ्याची ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते, आणि पडले तरी ती लागत नाही. तीन संध्याकाळी शिकवणी चालली. काशीबाईंना सायकल येत नव्हती. धरता येत होती. पद्धत अशी, की विद्यार्थिनीने बसावे, काशीबाईंनी मागून धरून धावावे, आणि धावता धावता बोलावे.

"फुडे बघ. माज्याकडे काय बघतंस? मी काय वाट आसंय?"

"मावशे, सोडू नुको हां."

"नाय सोडूक," असे काशीबाई मोठ्याने ओरडून सांगत होत्या, कारण दोघींमधले अंतर तोपर्यंत बरेच वाढले होते.

या शिकवणीचा कोणताही आलेख उपलब्ध नाही. तन्वी किती वेळा पडली याची नोंद नाही. (काशीबाईंच्या मते चार, तन्वीच्या मते दोन. एकदा काशीबाई स्वतः पडल्या, त्यावर मात्र दोघींचे एकमत आहे.) कणकवलीला पुन्हा फोन झाला आणि बॅग माळ्यावर गेली. ही बातमी जितेंद्रला देण्याचे दोन प्रयत्न झाले. दोन्ही वेळा त्याच्या कानात बोंडके होती आणि तो अंगठा वर करून 'कळले' म्हणाला.

शाळेचा पहिला दिवस. सकाळचे सव्वासहा. जितेंद्र यंत्रावर, समोर डोंगर, सर्वांत कठीण टप्प्याची शेवटची चार मिनिटे. वेग ताशी एकतीस किलोमीटर. आज तन्वी जाणार हे त्याला माहीत होते. कणकवलीची गाडी साडेसातला येईल, तोवर टप्पा संपवून बाहेर जावे, बॅग आपण उचलावी, असा त्याचा बेत होता.

तेवढ्यात खिडकीबाहेर तन्वी दिसली. पाठीला दप्तर, अंगात रेनकोट, हँडल घट्ट धरलेले, जीभ ओठांत. वेग ताशी साधारण नऊ. मागे कुणी नव्हते.

ती त्याच्या बरोबरीला आली. मग पुढे गेली.

जितेंद्रने वेग चौतीसवर नेला. ती आणखी पुढे गेली. त्याने अडतीस केला. तेव्हा ती वळणावरच्या माडाआड जाऊन दिसेनाशी झाली. मग त्याचे पाय थांबले. तो खिडकीकडे मान वळवून, उघड्या तोंडाने, नुसता पाहत राहिला. डोंगरही थांबला.

हे सर्व आलेखात स्पष्ट दिसते. शेवटच्या टप्प्यात अकरा सेकंदांचा खोल खड्डा आहे. संध्याकाळी मार्गदर्शकांनी विचारणा केली, की येथे काय घडले.

जितेंद्रने बराच वेळ विचार करून लिहिले, "मुलगी शाळेत गेली."

"पुढील वेळी टाळावे," असे उत्तर आले.

ही कथा वाचायला सरासरी आठ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात आपल्याही खिडकीबाहेरून कुणी ना कुणी गेले असणार. आपण मान वर न करता इथपर्यंत आला असाल, तर आपल्या आलेखात एकही खड्डा नाही. अभिनंदन.